ब्रेक-सस्पेन्शनचं काम घेताय? मग आधी मोजा, लिहून घ्या आणि नंतरच पाना लावा

स्वतःचं गॅरेज टाकलं की सुरुवातीला सगळे एक चूक करतात, मीपण केलीये, ती म्हणजे गिऱ्हाईक जे सांगेल ते करून मोकळं व्हायचं. तो म्हणतो पॅड टाका, आपण पॅड टाकतो. तो म्हणतो शॉकअप गेलेत, आपण दोन्ही शॉकअप नवे बसवतो आणि चार दिवसांनी गाडी परत दारात, आवाज आहे तसाच. खरा आवाज लिंक रॉडचा, म्हणजे सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांडीचा होता, शॉकअपचे पैसे आपण घेऊन बसलोय, आता तोंड कुठं लपवायचं? आणि ब्रेकमध्ये तर अंदाजपंचे काम म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. म्हणून जे पुढे लिहितोय ते नवीन गॅरेजवाल्यांसाठी आहे, पाना धरता येतो पण धंदा नुकताच सुरू केलाय अशांसाठी.

गाडी आत घ्यायच्या आधी एक चक्कर मारायची. पण त्याच्याही आधी जागेवरच पेडल दाबून बघा, ब्रेक ऑइलची लेव्हल बघा, चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा, पेडल खाली जाणारी गाडी रस्त्यावर नेऊन टेस्ट करायची नसते. सगळं ठीक असेल तर गिऱ्हाइकालाच चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. त्याला फक्त "आवाज येतो" एवढंच सांगता येतं, कधी येतो हे आपण काढून घ्यायचं, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, वळताना की सरळ, थंड असताना की अर्धा तास चालल्यावर. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा पुढच्या डिस्क, सीट नाहीतर पूर्ण बॉडी थरथरत असेल तर मागे बघायचं. बारीक खडबडीत रस्त्यावर खटखट आणि मोठ्या खड्ड्यात गप्प, तर माझा पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (वळताना गाडी कलू न देणाऱ्या बारच्या) लिंक रॉडवर असतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन वाजली तर शॉकअपच्या वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. हे सगळं जॉब कार्डवर गिऱ्हाइकाच्याच शब्दात लिहा. "सस्पेन्शन चेक करणे" असं लिहाल तर डिलिव्हरीच्या वेळी तो कुठला आवाज म्हणत होता हे तुम्हाला पण आठवणार नाही आणि त्याला पण नाही.

तपासणीचे पैसे वेगळे घ्या. लोक घाबरतात, गिऱ्हाईक पळून जाईल म्हणून, थोडे पळतातही. पण चारही चाकं काढून, मोजून, फोटो काढून तासभर घालवायचा आणि तो फुकट धरायचा, तर तो तास शेवटी कुठून तरी निघणारच, आणि तो निघतो न लागणारे पार्ट टाकण्यातून. त्यापेक्षा आधीच सांगा की तपासणीचे इतके होतील, काय निघतं ते लिहून देतो, काम इथं करा नाहीतर दुसरीकडे. मधेच काही नवीन सापडलं तर हात थांबवायचा, फोटो पाठवायचा, होकार मेसेजवर घ्यायचा. फोनवरचं "हो करा" बिल बघितल्यावर कुणालाच आठवत नाही.

गाडी वर घेताना एवढंच, की जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडी असते. जॅकवरच्या गाडीखाली दोन मिनिटांसाठीसुद्धा जायचं नाही आणि पोऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही. मागच्या ब्रेकचं काम असेल तर हँडब्रेक सोडलेला असतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावलेच पाहिजेत, हे नवीन मुलं हमखास विसरतात.

आता मोजायचं. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ एमएम असतं, खालची पत्र्याची प्लेट सोडून. ३ एमएमला आलं की बदलायला सांगायचं, २ च्या खाली गाडी जाऊ देऊ नये असं माझं मत. पण आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड बघा. चाकाच्या जाळीतून जो दिसतो तो बाहेरचा, तो अर्धा शिल्लक असतो आणि आतला पार प्लेटपर्यंत गेलेला असतो. आतला जास्त घासला म्हणजे बहुतेक स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सरकतो) जाम झाल्यात आणि तो सरकत नाहीये. तिथं नुसते नवीन पॅड टाकले तर ते पण तसेच जातील. असा एकीकडे घासलेला पॅड सापडला की मी तो बाजूला ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो, शंभर शब्द वाचतात.

डिस्क मोजायला व्हर्निअर नको, मायक्रोमीटर घ्या. वापरलेल्या डिस्कच्या कडेला एक उंचवटा राहतो कारण पॅड तिथपर्यंत पोचतच नाही, व्हर्निअरचे जबडे त्या उंचवट्यावर टेकतात आणि डिस्क चांगली जाड दिसते, प्रत्यक्षात आतून ती संपलेली असते. कडेपासून थोडं आत, गोल फिरत ७-८ ठिकाणी मोजा आणि लिहा. कमीत कमी किती जाडी पाहिजे हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, गंज ब्रशने काढला की दिसतं. आता "डिस्क बेंड झाली" असं सगळे म्हणतात, मीपण म्हणतो सवयीने, पण खरं बघितलं तर डिस्क क्वचितच वाकते. होतं काय की डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) पूर्ण चपखल बसलेली नसते, मधे गंजाची खपली असते, त्यामुळे ती फिरताना जरा डुगडुगते, दर फेरीला पॅडला एकाच ठिकाणी घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढीच जागा पातळ होते. जाडीत २ शतांश एमएमचा फरक पडला तरी पायाला थरथर जाणवू शकते. म्हणून नवीन डिस्क टाकायच्या आधी हबचा चेहरा वायर ब्रशने चकाचक करा, डिस्क बसवून सगळे नट लावा आणि डायल गेज (बारीक डुग मोजणारं घड्याळासारखं माप) लावून फिरवा. बऱ्याच गाड्यांना ०.०५ एमएमच्या आसपास डुग चालते, तरी त्या गाडीचं मॅन्युअल बघा. जास्त आली तर डिस्क एक-दोन भोकं पुढे फिरवून परत मोजा, कित्येकदा तेवढ्यानेच जमतं. हे १० मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि मग सहा महिन्यांनी "तुमच्या डिस्क खराब निघाल्या" म्हणून भांडण.

बसवताना काही गोष्टी. कॅलिपर होसवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकत सोडायचा नाही, तारेचा हुक करून स्प्रिंगला टांगा. कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलायच्या आधी ऑइलच्या डब्यात लेव्हल बघा, कोणीतरी मधे टॉप-अप केलेलं असतं आणि पिस्टन ढकलला की ते वरून उतू जातं, ब्रेक ऑइल पेंट खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, तिथं सी-क्लॅम्प लावून जोर काढलात तर आतली यंत्रणा मोडते. आणि बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोडला टाका. स्लाइड पिनला सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन जाम, म्हणजे ज्या रोगासाठी गाडी आली तोच रोग आपण लावून दिला. पॅड ब्रॅकेटमध्ये हाताने सरकले पाहिजेत, ठोकून बसवावे लागत असतील तर क्लिपच्या खाली गंज आहे, तो खरवडा. नवीन डिस्कवर गंज न चढण्यासाठी तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा. आणि जवळपास वेल्डिंग चालू असेल तर क्लीनरचा डबा लांब ठेवा, क्लोरीनवाल्या क्लीनरची वाफ वेल्डिंगच्या उष्णतेत गेली की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. पॅड नेहमी एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एकच बाजू करा म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करा. मोठ्या अक्षरात गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा हे. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या दोन-तीन वेळा पेडल थेट जमिनीला जातं, आणि जो माणूस न बघता गिअर टाकून गाडी मागे घेतो तो भिंतीला जाऊन भिडतो.

ड्रम ब्रेकवर जास्त लिहित नाही, एक बाजू उघडा, दुसरी बाजू नमुन्याला बंद ठेवा, स्प्रिंगांचे फोटो काढा, व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. धूळ एअर गनने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. क्लीनर मारून ओलं करून पुसा.

ब्रेक ऑइल हा विषय गिऱ्हाइकाला पटवायला सगळ्यात अवघड, कारण डब्यात ऑइल दिसतंय ना, मग बदलायचं कशाला. कारण ते हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० डिग्रीला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल मऊ पडून खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला असं सांगा, टेस्टर लावून दाखवा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं प्रकरण आहे, ते बाकी कशात मिसळायचं नाही, ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीतलं. आणि स्टेअरिंगचं नाहीतर इंजिनचं ऑइल चुकून ब्रेकच्या डब्यात पडलं तर सगळी रबरं फुगतात, मग नुसतं धुऊन भागत नाही, किट (रबरी सीलचा संच), होस, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप) सगळं बदलावं लागतं. म्हणून ब्रेक ऑइलसाठीचं फनेल वेगळं ठेवा.

ब्रेक ऑइलमधली हवा निप्पलमधून (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूमधून) काढताना कुठल्या चाकापासून सुरू करायचं हे मॅन्युअलमध्ये असतं. जुनी पद्धत लांबचं चाक आधी, पण सगळ्या गाड्यांना ती लागू पडत नाही. माझी एक फजिती सांगतो. एका गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर रिपेअर करून बसवले, हवा काढतोय काढतोय, अर्धा लिटर ऑइल गेलं, पेडल स्पंजसारखंच. मास्टर सिलिंडर गेला असं ठरवून टाकलं होतं मी, ऑर्डरही देणार होतो. मग चहा ठेवायला वाकलेल्या पोऱ्याने खालून विचारलं, "दादा, हे निप्पल खालच्या बाजूला का आहे?" डाव्याचा कॅलिपर उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला लागला होता. बोल्ट बसतात, होस बसतो, पॅड बसतात, सगळं बसतं, फक्त निप्पल खाली येतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते, तुम्ही दिवसभर पंप केलं तरी निघत नाही. तेव्हापासून कॅलिपर उतरवला की त्यावर मार्करने डावा-उजवा लिहितो.

काही रोग वरून दिसत नाहीत. एक चाक तापतंय, जाळीतून वास येतोय, कॅलिपरचं किट टाकून झालं तरी तेच. अशा वेळी गाडी फिरवून आणा, चाक जाम झालेलं असतानाच वर उचला आणि निप्पल उघडा. चाक तरीही जाम असेल तर पिस्टन किंवा पिन. ऑइल फस्सकन उडालं आणि चाक मोकळं झालं तर वरून प्रेशर अडकलेलं आहे. मग परत जाम करून या वेळी होसच्या वरचा, पाइपचा जॉइंट सैल करा. तिथं सैल केल्यावर मोकळं झालं तर दोष वर, मास्टरकडे. तिथं झालं नाही आणि निप्पलला मात्र होतं, तर होस आतून सुजलाय, बाहेरून अगदी नवा दिसतो पण आतलं रबर झडपेसारखं झालंय, पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टरच्या आतल्या सील. बुस्टर (व्हॅक्यूमने पेडलला जोर देणारा डबा) तपासायला इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारा, दाबून धरा, आणि स्टार्ट करा, पेडल जरासं खाली गेलं पाहिजे, नाही गेलं तर बुस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप.

सस्पेन्शनकडे येऊ. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि लागला तर स्टेअरिंगचे भाग, टाय रॉड एंड किंवा रॅक. बेअरिंग की बॉल जॉइंट हे ओळखायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची जुनी टेस्ट आहे, पार गेलेला शॉकअप कळतो त्याने, अर्धवट गेलेला नाही. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा, चढउतार लागत असतील तर शॉकअपकडे आधी बघा. शॉकअपवर थोडी तेलाची वाफ बसल्यासारखं दिसणं वेगळं आणि खालपर्यंत ओघळ येणं वेगळं, पहिल्याला लगेच नवीन टाकायला लावू नका.

बुशची एक गोष्ट मात्र नीट वाचा, कारण निम्मे गॅरेजवाले इथं मार खातात. लोअर आर्मचं (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) बुश म्हणजे आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते रबर पिळलं जातं, ते फिरत नाही. आता तुम्ही गाडी वर उचललेली, चाक खाली लोंबतंय, आणि त्या अवस्थेत बोल्ट फुल टाइट केलात. गाडी जमिनीवर उतरवली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा कायमचं पिळलेलं राहतं. खड्डा आला की अजून पिळतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर आणा, नाहीतर आर्मखाली जॅक देऊन चालत्या गाडीच्या उंचीला आणा, आणि मगच टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. बुश लवकर गेलं म्हणून कंपनीला शिव्या घालणारे मी बरेच बघितलेत, बोल्ट कसा आवळला हे विचारलं की गप्प.

शॉकअपची स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर चांगल्यापैकीच घ्या, समोरासमोर लावा, इम्पॅक्ट गनने आवळू नका, आणि स्प्रिंग सीटवरून पूर्ण सुटेपर्यंत वरच्या मधल्या नटला हात लावायचा नाही. तोंड कधी स्प्रिंगच्या सरळ रेषेत ठेवू नका. लिंक रॉड आवळताना दोन्ही चाकं एका उंचीवर असू द्या. आणि आर्म, टाय रॉड, शॉकअप यातलं काहीही निघालं असेल तर अलाइनमेंट एस्टिमेटमध्ये आधीच धरा, नंतर सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं लुटतोय.

पैशांचं गणित थोडक्यात. दोन मिस्त्री आठ-आठ तास म्हणजे १६ तास झाले, पण बिलावर चढतात १०, बाकी पार्टची वाट बघण्यात, जाम बोल्ट काढण्यात, गप्पा मारण्यात जातात. तुमचं भाडं, पगार, वीज, टूल, स्वतःचा पगारसुद्धा (हा लोक धरतच नाहीत) या १० तासांतून निघायला पाहिजे, लेबरचा रेट १६ वर काढलात तर महिनाभर घाम गाळून खिसा रिकामा. गिऱ्हाईक स्वतःचे पार्ट घेऊन आला तर लेबर पूर्ण घ्या आणि बिलावर लिहा की पार्टची गॅरंटी आमची नाही, आणि ब्रेकचा पार्ट बॉक्सवर नाव-गाव नसलेला असेल तर बसवूच नका. एक वही परत आलेल्या गाड्यांची ठेवा, कोणी केलं, काय केलं, का परत आली. माझ्या वहीत पार्ट खराब निघाल्याच्या नोंदी थोड्याच आहेत, नट सैल राहिला, पिन कोरडी राहिली, हब साफ केलं नाही, याच जास्त.

चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनेच, चांदणीच्या आकारात, एकाला एक लागून नाही. नवीन पॅडवर स्वतः चक्कर मारा, ५०-६० च्या स्पीडवरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, असं ८-१० वेळा, पूर्ण न थांबता, मधे मधे गार व्हायला जरा चालवून. गरम असताना ब्रेक दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. परत आल्यावर चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, एका ॲक्सलच्या दोन बाजूंत मोठा फरक दिसला तर चावी द्यायची नाही. गिऱ्हाइकाला सांगा की ५०-१०० किलोमीटरनंतर नट एकदा तपासून घ्यायला ये. जो म्हणतो "आत्ता बाकीचं राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू", त्याच्या बिलावर मोजलेले आकडे लिहा, पुढचा डावा पॅड २ एमएम, डिस्क मिनिममच्या खाली, बदलायला सांगितलं, नको म्हणाले, आणि खाली त्याची सही घ्या. निम्मे लोक सही करताना पेन थांबवतात आणि विचारतात, किती वेळ लागेल?